अर्जात ‘मदत हवी’ लिहायचं की नाही?

प्रश्न : मुलाला अमेरिकेत बी.एस. करायचंय. आम्ही वर्षाला फार तर १५,००० डॉलर देऊ शकतो. अर्जात ‘आर्थिक मदत हवी का?’ असं विचारलंय. ‘हो’ म्हटलं तर प्रवेश मिळत नाही म्हणे. आत्ता ‘नाही’ लिहून तिथे गेल्यावर मदत मागितली तर चालेल का?
– एक आई

उत्तर : नको ताई, तसं करू नका. ‘हो’ म्हटल्याने परदेशी मुलांची संधी कमी होते, हे बहुतेक कॉलेजांत खरंच आहे. ते न बघणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच. आणि तिथे शिरणं किती कठीण ते तुम्हाला ठाऊक आहे. पण ‘नाही’ लिहिलं की पुष्कळ ठिकाणी चारही वर्षं मदत मागता येत नाही. शिवाय व्हिसासाठी कॉलेज जे आय-२० प्रमाणपत्र देतं, त्यासाठी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावेच लागतात. ते कुठून दाखवणार?

त्यापेक्षा यादीच बदला. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने स्वतःच जाहीर केलेली आकडेवारी) असं गूगलवर शोधा, त्यात थेट ‘एच६’ हा भाग गाठा. किती परदेशी मुलांना कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती, ते तिथे असतं. वर्षाच्या एकूण खर्चातून ती सरासरी वजा करा. तुमच्या १५,०००च्या फार वर उरत असेल, तर नाव खोडा, कितीही मोठं असलं तरी. कॉलेजच्या साइटवर मदत वजा जाता खर्च किती ते सांगणारा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, त्यावर मात्र विसंबू नका, तो बहुधा अमेरिकन मुलांचा हिशोब देतो.

माझ्या मुलीला पहाटे पत्र आलं होतं, २०,००० डॉलरची शिष्यवृत्ती! सगळं घर जागं. दुपारी मी वही घेऊन बसले. फी, खोली, जेवण, विमा धरून ४१,००० उरतच होते. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी : रक्कम चारही वर्षं तेवढीच, आणि जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ३.५च्या खाली गेला की बंद. फी तर दरवर्षी वाढणार. नकार कळवला, तर बाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी गेली ती आम्ही कधी नावही न ऐकलेल्या कॉलेजात.

केंटकीतलं बेरिया कॉलेज जरूर बघा. १८९२पासून तिथे शिकवण्याची फीच घेत नाहीत. बदल्यात प्रत्येकाने आठवड्याला किमान १० तास कॉलेजचं काम करायचं. परदेशी मुलं थोडीच घेतात, तेव्हा सगळी भिस्त त्यावर नको.