आठ निघंना म्हणून

तुझा निरोप दोनदा वाचला. दोन महिन्यांनी सेलूहून इकडं इंग्लंडात नर्सिंगच्या नोकरीवर येणार, रात्रपाळ्या असणार, त्या वेळी बस मिळतीलच असं नाही, म्हणून टू-व्हीलर लागणार. आणि आरटीओच्या ग्राउंडवर लायसनच्या परीक्षेत आठ काढताना, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवताना, दोनदा पाय टेकला. चुलतभाऊ म्हणतो, "हितं आठ निघंना, तिथं काय दिवे लावणार?" तुझे प्रश्न दोन: लायसन तिकडूनच काढून यावं का, आणि टू-व्हीलरचा नादच सोडावा का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाद सोडू नको. मीही पडलोय, आणि तुझ्यापेक्षा वाईट पडलोय.

मी मानवतचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून गाडी चालवतोय. मागं पोतं, पोत्यावर चुलता, हँडलला दुधाची किटली. जूनमधल्या पहिल्या पावसात रानातून गाडी काढायची म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, मग तुरीच्या काडीनं उकरत बसायचं. एवढं केलेल्या माणसाला वाटतंच की आपल्याला गाडी येते. माझं लायसन मात्र एजंटनं काढून दिलं. आठ मी कधी काढलाच नाही. तू दोनदा का होईना, स्वतः काढायला गेलास, हे ध्यानात ठेव.

इथं आल्यावर पहिलं वर्ष त्याच लायसनवर गेलं. मग परीक्षा आली. आधी सीबीटी नावाचा एक दिवसाचा सराव. त्यात पास-नापास असं काही नसतं, शिकवणाऱ्याचं समाधान झालं की दाखला देतो, नाही झालं तर पुन्हा ये म्हणतो. त्या दाखल्यावर एल लावून १२५ सीसीपर्यंतची गाडी दोन वर्षं चालवता येते. मागं कुणाला बसवायचं नाही, मोटरवेवर जायचं नाही. तुला ड्युटीवर जायला-यायला खरं तर एवढंच पुरतं. मला मोठी गाडी पाहिजे होती, म्हणून पुढं थिअरी (५० पैकी ४३ प्रश्न, शिवाय रस्त्यावरचे धोके ओळखायच्या क्लिपा) आणि मग मॉड्यूल वन.

मॉड्यूल वन बंद यार्डात असतं. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची, शंकूंमधून नागमोडी, आठ, चालत्या माणसाच्या वेगानं सरळ, दोन रेघांच्या आत यू-टर्न, आणि ताशी ५० किलोमीटरला नेऊन करकचून ब्रेक. पाच बारीक चुका माफ. गंभीर एक झाली की संपलं.

माझी गाडी सहाशे सीसीची. आपली स्प्लेंडर एकशेदहा-बारा किलोची, ही पावणेदोनशेच्या वर. आठ निघाला, शंकू निघाले. यू-टर्नला वळलो आणि नजर गेली पुढच्या चाकाकडं. चाक रेघेकडं चाललेलं. मी घाबरून क्लच पुरता दाबला. गाडीतला जीवच गेला, आणि ती उभ्या उभ्या उजव्या अंगाला कलंडली. वेग विचारशील तर बैलगाडीचा. परीक्षकानं लागलं का विचारलं, दोघांनी मिळून गाडी उचलली, आणि त्यानं शांतपणे सांगितलं की आजचं इथंच थांबू.

मी बसनं घरी आलो, हेल्मेट मांडीवर. शेजारी एक पोरगं टकामका बघत होतं. आठ दिवस घरी फोनवर परीक्षेचा विषय काढला नाही. वीस वर्षं चालवलेली गाडी, आणि पडलो कुठं, तर सपाट डांबरावर, समोर एक वाहन नसताना.

बाहेर कसा आलो सांगतो. शिकवणाऱ्यानं एकच विचारलं, "गाडी पडली तेव्हा तुझा डावा हात काय करत होता?" मी म्हणालो, क्लच दाबला. "आणि डोळे?" चाकावर. तो म्हणाला, मग तुला गाडी येत नाही असं नाही, तुझ्या दोन चुका आहेत. तोवर मी मनात "मपल्याला जमतच नाही" एवढंच घोकत होतो. त्याचं काही करता येत नाही. हाताचं आणि डोळ्याचं करता येतं.

मग मला आपल्या शाळेतली सतरा सप्टेंबरची स्लो सायकल आठवली. झेंडावंदन झालं की मैदानावर फक्कीच्या रेघा, शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. त्यात जिंकणारी पोरं कधी चाकाकडं बघायची नाहीत. मान वर, दूरच्या लिंबावर नजर. आठ म्हणजे तेच, फक्त सायकलला इंजिन लावलेलं. जोरात गाडी कुणीही तोलतो, तिथं चाकंच तोल धरतात. सावकाश चालवणं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

तर तू असं कर. रिकामा दिवस बघून मार्केट यार्डात जा. दहा पावलांवर दोन विटा ठेव. पहिला गिअर, रेस थोडी आणि कायम तेवढीच. क्लच अर्धा, जिथं गाडी ओढायला लागते तिथं धरून ठेवायचा, पूर्ण दाबायचा नाही. वेग कमी करायचा तर मागचा ब्रेक, अलगद. वळताना पुढच्या ब्रेकला बोट लावू नको, लावलास की आडवा. आणि नजर विटेवर नाही, विटेच्या पलीकडं जिथं जायचंय तिथं. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली. तासभर केलंस तर हात भरून येतो आणि चुकाच पाठ होतात. चुलतभावाला सोबत नेऊ नको.

आता लायसनचं, कारण तारखा इथं आड येतात. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते, पण तीनदा नापास झालास तर पुढचे ६० दिवस देता येत नाही. तुझ्या दोन झाल्या. तिसरी पुढच्याच आठवड्यात ईर्षेनं देऊन पडलास तर विमानाआधी चौथी मिळायची नाही. म्हणून तीन आठवडे सराव कर, मग तारीख घे. लर्निंग सहा महिन्यांचं असतं, त्यावरची तारीख आज काढून बघ.

पास झालास तर त्या लायसनवर इथं राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं. नंतर ते इथल्या लायसनमध्ये बदलून मिळत नाही, भारत त्या यादीत नाही. म्हणजे परीक्षा चुकणार नाहीच, फक्त वर्षभर पुढं जाते. आणि नापास झालास तर? इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन काढायचं, सीबीटी करायचं. तिथं कुणी परभणीचा निकाल विचारत नाही. एजंटच्या वाटेला मात्र जाऊ नको. माझ्या एजंटचा हिशोब मी त्या यार्डात चुकता केला.

माझं पुढं काय झालं, तर दुसऱ्या वेळी मॉड्यूल वन निघालं, तीन चुकांवर. मॉड्यूल टू रस्त्यावर असतं, परीक्षक दुसऱ्या गाडीवर मागून येतो आणि कानात सांगत राहतो. त्यात मला एक चूक लागली ती ऐक: गोल चौकात वाट मोकळी असताना उगाच थांबून राहिलो. घाबरून थांबणं इथं चूक धरतात. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, पण कुणी नसेल तर निघायचं. मानेचंही तसंच. वळण्याआधी खांद्यावरून मागं बघायचं, नुसत्या आरशावर भागत नाही. ही सवय तिथंच लाव, सेलूच्या स्टेशन रोडवर लोक हसले तर हसू दे.

हेल्मेट तिकडून घेताना नुसता आयएसआयचा शिक्का बघू नको, इथं तेवढ्यावर चालत नाही. ईसीई २२.०५ किंवा २२.०६ असं लिहिलेलं असेल तरच घे, नाहीतर इथंच घेऊ. रेनकोट मात्र चांगला जाड आण. आणि तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मला कळव. पाय टेकला असेल तरी कळव, फक्त डावा हात काय करत होता तेवढं लिही.