पूररेषांचा नकाशा गुगल अर्थवर

प्रश्न : पंचगंगेच्या पूररेषांचा नकाशा आम्ही काही मित्रांनी क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केला असून तो जिओसर्व्हर या इंटरनेटवरून नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत उपलब्ध केला आहे. सर्वसामान्य नागरिकांना तो गुगल अर्थमध्ये पाहता यावा, यासाठी प्रत्येकाला केएमएल (गुगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची) फाइल पाठवावी काय? चाचणीसाठी बनवलेल्या फाइलमध्ये ४३ फुटांची पूररेषा दिसतच नाही, याचे कारण काय असावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फाइल अवश्य पाठवावी, मात्र तिच्यात नकाशा नसावा, नकाशाचा पत्ता असावा. संपूर्ण माहिती असलेली फाइल एकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागली की ती दुरुस्त करणे कोणाच्याच हाती राहत नाही, आणि २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आल्यावर कोणी जुनीच रेषा प्रमाण मानून बसले तर ते धोक्याचे ठरेल. केएमएलमधील ‘नेटवर्कलिंक’ हा घटक याचसाठी आहे. नकाशा पाहणाऱ्याने गुगल अर्थमध्ये फिरवलेला पृथ्वीचा गोल स्थिर झाला की तेव्हा दिसत असलेल्या भागाच्या सीमा सर्व्हरकडे जातात आणि तेवढ्याच भागाची ताजी माहिती परत येते, अशी सोय त्यात करता येते. जिओसर्व्हरच्या लेअर प्रिव्ह्यू पानावर केएमएलचा पर्याय आहेच. माहिती चित्ररूपात जावी की क्लिक करता येतील अशा आकृत्यांच्या रूपात, हे ‘केएमस्कोर’ या ० ते १०० दरम्यानच्या आकड्याने ठरवता येते. आकडा जितका मोठा, तितका कल आकृत्यांकडे. प्रभागाचे नाव वाचता यावे असे वाटत असेल तर आकडा मोठा ठेवावा.

आता न दिसणाऱ्या रेषेविषयी. आपण बहुधा राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फूट ही धोका पातळी मीटरमध्ये बदलून, म्हणजे सुमारे १३.१, उंचीच्या जागी लिहिली असावी. केएमएलमध्ये उंचीचा प्रकार ‘अ‍ॅब्सोल्यूट’ ठेवल्यास ती समुद्रसपाटीपासून मोजली जाते. बंधाऱ्यावरचे ४३ फूट हे तेथील मोजपट्टीवरचे वाचन आहे, आणि कोल्हापूर तर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे आपली रेषा जमिनीखाली खोल गाडली गेली. ‘रिलेटिव्ह टू ग्राउंड’, म्हणजे जमिनीपासून मोजलेली उंची, निवडल्यास तीच रेषा घरांच्या वर अधांतरी तरंगेल, आणि हे अधिक फसवे, कारण बघणाऱ्याला ते पाणीच वाटेल. पूररेषेला उंची देऊच नये. ‘क्लॅम्प टू ग्राउंड’, म्हणजे रेषा जमिनीलाच चिकटलेली, ठेवावे आणि पातळीचा आकडा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या माहितीच्या चौकटीत लिहावा.

हाताने केएमएल लिहिताना रेखांश आधी आणि अक्षांश नंतर द्यावा लागतो. कोल्हापूरसाठी ७४.२४, १६.७० हा क्रम योग्य होय. तो उलटला तर शहर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ या अक्षांश-रेखांशांच्या जागतिक प्रणालीतीलच लागतात. नकाशाचा मूळ थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीच्या ४३ उत्तर विभागात असला तरी तो विभाग जिओसर्व्हरमध्ये अचूक नोंदवलेला असल्यास रूपांतर आपोआप होते.

केएमएल ही मूळची कीहोल कंपनीची भाषा. ती कंपनी गुगलने २००४ मध्ये घेतली आणि २००८ मध्ये ओजीसी या भौगोलिक माहितीची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने केएमएलला मानक म्हणून स्वीकारले, त्यामुळे आपली फाइल केवळ गुगल अर्थपुरती मर्यादित राहत नाही. तरीही नेटवर्कलिंकसाठी संगणकावरील गुगल अर्थ प्रो ही विनामूल्य आवृत्ती वापरण्यास सांगावे.

फाइल पाठवण्यापूर्वी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पत्ता तपासावा. तेथे ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हाच संगणक’, असे असेल तर नकाशा आपल्या संगणकावर उत्तम दिसेल आणि इतर कोणालाही दिसणार नाही.