चेनसॉच्या पट्टीला तेल येत नाही, पंप बदलावा का?

पंप बदलू नका. निदान आज तरी नको.

टाकी काठोकाठ भरलेली, तरी चेन कोरडी, पट्टीचं टोक निळं पडलेलं, आणि मिस्त्री म्हणतो पंप गेला. हेच मी आमच्या अंगणात ऐकलंय आणि वर पैसेही मोजलेत, म्हणून एवढं लिहायला बसलो.

आमचं वावर वरुड तालुक्यात. 2019 च्या उन्हाळ्यात बोअर आटली आणि संत्र्याची तीनेकशे झाडं उभ्या उभ्या वाळली. कुऱ्हाडीनं किती तोडणार? 58 सीसीची चायना मशीन आणली, 22 इंची पट्टी. संत्र्याचं लाकूड वाळलं की हाडासारखं होतं आणि भुसा पिठासारखा बारीक उडतो. तो भुसा तेलात कालवला की पट्टीच्या खाचेत लांबी भरल्यासारखा बसतो. तर एक दिवस ऐन कामात चेनचं तेल संपलं. थोरले भाऊजी पाहुणे आलेले. त्यांनी कोठ्यातून डबा काढला. दारं-चौकटींना लावायला ठेवलेलं जवसाचं तेल.

"भाऊजी, ते राहू द्या."

"काहून? तेल ते तेल. घाण्याचं हाये, तुह्या त्या काळ्या तेलापेक्षा बरं."

घरचे जावई, त्यात वयानं मोठे. टाकलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मशीन लोण्यासारखी चालली. धूर नाही, चेन चकचकीत. संध्याकाळपर्यंत भाऊजींनी अर्ध्या गावाला सांगून झालं होतं. झाडं संपली आणि मशीन तशीच, टाकीत तेल ठेवून, टिनाच्या शेडात गेली ती दिवाळीपर्यंत.

आता जवसाचं तेल दाराला का लावतात? हवेत वाळून त्याचा पापुद्रा धरतो म्हणून. तेच मशीनच्या पोटात झालं. दिवाळीनंतर धुऱ्यावरची बाभूळ तोडायला काढली तर दुसऱ्याच कापात धूर. तालुक्याच्या मिस्त्रीनं टाकीतली तेल गाळायची जाळीही न बघता नवा पंप बसवला, 850 रुपये घेतले. अर्धा दिवस बरी चालली आणि पुन्हा कोरडी. मग मीच ओसरीत पोतं अंथरून बसलो. वाकड्या तारेनं टाकीच्या तोंडातून नळी ओढली, तिच्या टोकाची जाळी बाहेर आली, तिच्यावर गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर. नखानं खरवडला तर निघेना. जुना पंप मिस्त्रीकडून मागून आणला होता, तो दोन रात्री रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी बोटानं फिरला! म्हणजे पंप मेलाच नव्हता, नुसता चिकटला होता. भाऊजी आजही पंगतीत म्हणतात, "चायनाचा पंपच कच्चा होता." असू द्या.

तुमच्याकडे वळतो. आधी पुठ्ठा घ्या. पट्टीचं टोक त्याच्यापासून वीतभर लांब धरून पंधरा-वीस सेकंद चांगली रेस द्या. तेलाची रेघ उमटली तर तेल येतंय, फार तर कमी येतंय. मंद चालीवर बघू नका, बऱ्याच मशीनमध्ये चेन फिरवणारा क्लच ड्रम फिरल्याशिवाय पंप फिरतच नाही. रेघ नसेल तर पट्टी आणि चेन काढून चालू करा आणि पट्टीमागच्या भोकातून तेल निघतं का ते पाहा. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा आणि हात लांब. तिथे तेल आलं तर पंपाचा विषय तिथेच संपला, दोष पट्टीत आहे. खाच हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं खरवडा, पट्टीवरचं तेलाचं भोक सायकलच्या स्पोकनं मोकळं करा. दोन्ही बाजूंची करा, कारण पट्टी दर वेळी उलटवायची असते. उलटवता ना?

भोकातूनच येत नसेल तर टाकीचं झाकण थोडं ढिलं करून पाहा. सुरुवातीला पाच मिनिटं तेल येतं, मग बंद होतं आणि झाकण ढिलं केलं की पुन्हा येतं, असं असेल तर टाकीत हवा जायचा रस्ता बुजलाय. ही भानगड फार लोकांना माहीत नाही, आणि पंप विकणारे सांगत नाहीत. त्यानंतर जाळी, नळी, आणि तेल कमी-जास्त करायचा स्क्रू. तो स्क्रू बहुधा खालच्या अंगाला असतो, छोट्या मशीनला नसतोही. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत तेलाची टाकीही तळाशी आलेली असली पाहिजे. अर्ध्याहून जास्त तेल उरत असेल तर ते पट्टीपर्यंत पोचत नाही, एवढा सरळ हिशेब आहे.

आणि हो, पंप कधीच जात नाही असंही नाही. क्लचमागचा वर्म गिअर, म्हणजे पंप फिरवणारं दातेरी चाक, बऱ्याच मशीनला प्लास्टिकचा असतो. चेनचा ब्रेक लागलेला असताना कोणी रेस देत राहिलं की क्लच तापतो आणि तो गिअर वितळतो. गिअर बघायला क्लच खोलावा लागतो आणि त्याचे आटे बहुधा उलटे असतात, हे ध्यानात ठेवा, नाहीतर जोर लावून मोडून बसाल. खोलण्याआधी प्लगची टोपी काढा, हे सांगायला नकोच.

माझा पंप गेल्या वर्षी खरंच गेला. आत बारीक धातूचे ओरखडे होते. मी कित्येक महिने ट्रॅक्टरचं जळालं ऑइल फडक्यातून गाळून टाकत होतो, भाऊजी ज्याला काळं तेल म्हणायचे तेच. लोखंडाचा बारीक चुरा फडक्यात अडत नाही. ती चूक माझी, त्यात जवस नव्हतं. तेव्हापासून चेनचं तेल, आणि ते नसलं तर नवीन एसएई 30 इंजिन ऑइल.

पुठ्ठ्यावर काय आलं ते लिहा. मशीन किती सीसीची आहे तेही.