भाव कधी वाढतो, कधी घटतो. मग बदलाची सरासरी कशी काढायची?

वाढीचे आणि घटीचे टक्के एकत्र मिळवून भागायचं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात भागू नका. आमच्या घरात एकदा असंच भागलं होतं, त्यापायी चाळीतला कांदा गेला.

आम्ही निफाड तालुक्यातले. मी तेव्हा बारावीला होते. दीडशे क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरलेला. बीकॉम झालेला चुलतभाऊ दर पंधरा दिवसांनी लासलगावचा सर्वसाधारण दर वहीत उतरवायचा. सुरुवात क्विंटलला २००० रुपयांनी. मग ५० टक्के वाढ, ४० टक्के घट, ३० टक्के वाढ, ३० टक्के घट. त्याने बेरीज केली, अधिक १०. चाराने भागलं, अडीच. खाली लाल पेनाने दोन रेघा ओढून लिहिलं, 'सरासरी वाढ अडीच टक्के. थांबायचं.'

अण्णा म्हणाले, "अरे, २००० चा कांदा आज १६३८ ला मागतात. वाढ कुठंय?"

"काका, तुम्हाला सरासरी कळत नाही."

अण्णा सातवी शिकलेले. गप्प बसले. महिन्याने चाळ उघडली तर खालच्या थराला पाणी सुटलेलं, कांदा काळा पडलेला, हात घातला की बोटं आत जायची. आई आणि मी दोन दिवस पाट्या भरभरून बांधावर टाकत होतो.

चूक अशी की प्रत्येक टक्का वेगळ्या रकमेवरचा असतो. ५० टक्के वाढ २००० वर होती, ४० टक्के घट ३००० वर. ३० टक्के पडलेला भाव जागेवर यायला जवळपास ४३ टक्के चढावा लागतो. म्हणून गुणाकार करायचा: १.५ × ०.६ × १.३ × ०.७ = ०.८१९. बदल चार, म्हणून त्याचं चौथं मूळ (जो आकडा चारदा गुणला की ०.८१९ येतो) ०.९५१, म्हणजे दर पंधरवड्याला सुमारे ४.९ टक्के घट. किंवा सरळ रुपयांत, शेवटच्या भावातून पहिला वजा करून चाराने भागा: उणे साडेनव्वद रुपये. अण्णा हेच सांगत होते.

शेअरच्या आरएसआयसाठी विचारत असाल (भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा आकडा, वेल्स वाइल्डर या अमेरिकी विश्लेषकाने १९७८ मध्ये मांडलेला), तर तिथे वाढीची बेरीज वेगळी आणि घटीची वेगळी, पण दोन्हींना पूर्ण १४ दिवसांनीच भागायचं. नुसत्या वाढीच्या दिवसांनी भागलं की गणित फसलं.

हां, बदल एक-दोन टक्क्यांचेच असतील तर साध्या सरासरीनेही फार बिघडत नाही. आणि कांद्यात वजनघट वेगळी धरा. भाव जागेवर आला तरी माल तेवढा उरलेला नसतो.

चुलतभाऊ अजून म्हणतो, हिशोब बरोबर होता, बाजार फिरला. भाव त्याच्या वहीतच पडला होता. पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून वाचायची होती. वही माझ्याकडे आहे, कधीही येऊन बघावी त्याने.