बायकोचा यूकेचा स्पाउस व्हिसा (जोडीदार म्हणून मिळणारा) संपत आलाय, एक्स्टेंशनचा अर्ज नेमका कधी करावा?

व्हिसा संपायच्या आत, पण फार लवकरही नाही. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा, एक्स्टेंशन 30 महिन्यांचं आणि कायम वास्तव्यासाठी लागतात 60 महिने. मिसेस यूकेत उतरल्या त्या तारखेपासून 30 महिने मोजा. ते पूर्ण होण्याच्या 28 दिवस आधीपासून व्हिसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, हा तुमचा काळ. त्याआधी घाई केलीत तर शेवटी 60 महिने भरत नाहीत आणि एक्स्टेंशनचा आणखी एक अर्ज, पुन्हा सगळी फी गळ्यात पडते. नुसता हेल्थ सरचार्जच (सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) 30 महिन्यांचा 2,587.50 पौंड आहे हो!

उशिरा उतरल्या असतील तर मात्र खिडकी अरुंद होते. व्हिसा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आल्या असतील, तर 30 महिने भरल्यावर हातात जेमतेम एकच महिना उरतो.

मुदतीत अर्ज गेला की निकाल येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं, नोकरीही चालू राहते. पण तेवढ्यात गणपतीला पुण्याला जाऊन येऊ म्हणाल तर अर्ज मागे घेतला असं धरतात. कृपा करून तिकिटं काढू नका.

कागदांना आजच लागा. इंग्रजीची ए2 पातळीची परीक्षा, सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि एकत्र राहत असल्याचे दोन वर्षांतले पुरावे: कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी), विजेचं बिल, बँकेची पत्रं. आमचं प्रत्येक बिल माझ्याच नावावर होतं, बायकोच्या नावाची पत्रं जमवताना घाम फुटला होता.