पहिल्या वर्षी अ‍ॅस्टरला एवढंच द्या

न्यू जर्सीत पहिलीच बाग आणि सुरुवात इथल्या मूळच्या न्यू इंग्लंड अ‍ॅस्टरने, फार छान निवड केलीत! आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे भारतात हारात, गुच्छात दिसतो तो चायना अ‍ॅस्टर. तो एका हंगामात संपतो. न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर हिवाळ्यात वरून वाळतो, पण मुळं जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. त्यामुळे डिसेंबरात मेला समजून उपटू नका. नवीन माणसं हमखास हेच करतात.

सुरुवातीला तीनच गोष्टी पाळा:

- रोज निदान 6 तास ऊन.
- दोन रोपांत 2 ते 3 फूट अंतर. दाटीत पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. पाणीही मुळाशीच घाला.
- खत नको. झाड नुसतंच उंच वाढतं आणि फुलांच्या भाराने आडवं होतं.

शेंडे खुडायला मात्र शिकाच. हे झाड 4-5 फूट सहज जातं. जूनमध्ये, रोप फूटभर झालं की वरचे दोन-तीन इंच खुडा. झाड ठेंगणं आणि भरदार होतं. पहिल्यांदा हात धजत नाही, मला माहीत आहे. तरी खुडा. 4 जुलैनंतर मात्र थांबा, नाहीतर कळ्याच जातील.

ऑगस्टात खालची पानं करपतात, घाबरू नका. पुढे बुटकी झाडं लावली की दिसत नाही. सप्टेंबरात जांभळी फुलं उमलली की मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं त्यांवर उतरतात. बियांचं आणि मुळांचे गड्डे विभागण्याचं तीन वर्षांनी बोलू.