पिकअप विकण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

२०१४ ची बोलेरो पिकअप काढून २०२१ ची जर्मन डिझेल सेडान घ्यायची म्हणतोस. दोन्ही चालवून बघितल्यास, पिकअप उडते आणि सेडान तरंगते, असं लिहिलंस. उडणारच! मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टनावारी माल पेलायला बसवलेत. हौदा रिकामा असला की ते दबतच नाहीत, मग प्रत्येक खड्डा थेट कमरेत. टोमॅटोचे कॅरेट भरून पिंपळगावच्या मार्केटला ने आणि बघ कशी बसून चालते. रिकामी चालवून तू तिला नापास केलंस.

एका बाबतीत मात्र मी सेडानच्याच बाजूचा. पिकअपला ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा). पावसात रिकामी असताना जोरात ब्रेक दाबलास तर मागची बाजू घसरते. आईवडिलांना घेऊन समृद्धीवरून नागपूरला जायचं असेल तर तिचं नावही काढू नकोस. (हौद्यात माणसं बसवणं तर बेकायदाच, वऱ्हाड असलं तरी.)

आता पैशाचं. जुनी सेडान निम्म्यात मिळते, पण निम्मी होते ती गाडीची किंमत. तिच्या हेडलाइटची, सस्पेन्शनची नाही. विम्याच्या तक्त्यात चार वर्षं उलटलेल्या गाडीवर ५० टक्के घसारा धरतात, पार्टचं बिल मात्र नव्या गाडीचंच येतं. वर झिरो-डेप (घसारा न कापता भरपाई देणारा जादा विमा) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे क्लेममध्ये कापले जातात. आणि तुझ्या वस्तीच्या रस्त्यावर पहिला घासणार तो बंपरच. पिकअपचा पाटा तुटला तर तालुक्याचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी हातात देतो. तिला आठ वर्षं उलटून गेलीत, म्हणजे दरवर्षी आरटीओचं पासिंग (गाडी धड आहे याची तपासणी) आलं. तोही खर्च मांड. पण तो ती स्वतः कमावते.

शिवाय तुझं रोजचं जाणं किती? मळा ते गाव, फार तर आठ किलोमीटर. २०२१ ची सेडान बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातली. अशा डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ गरम राहून सलग पळावं लागतं. एवढ्याशा फेऱ्यांत तो तुंबत जातो. सेडानच घ्यायची तर पेट्रोलची बघ, आणि पिकअप राहू दे. ती गेली तर माल भाड्याच्या गाडीने न्यावा लागेल, हे तुझ्या हिशेबात कुठेच दिसलं नाही.

बयाणा देण्याआधी गाडी बाहेरच्या मिस्त्रीकडे लिफ्टवर चढव, स्कॅनर लावून घे, विम्याचे जुने क्लेम विचार. टायर रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे) असतील तर चारही टायरचा भाव काढ. अशा गाडीच्या डिकीत बहुधा स्टेपनी नसते.

तुझा,
काका